माळाला सांगणारा लागतो

(सोलापुरातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे विद्यार्थी पहिल्या दोन रांगांत बसले आहेत. गुरुजींबद्दल बोलण्याचा अधिकार त्यांचा आहे, तो मी घेत नाही. विषय मात्र गुरुजींना आवडला असता असा निवडलाय. आपल्या भागातली सांगणारी माणसं, आणि त्यांच्या भरवशावर घरातल्या लहानथोरांनी मिळून केलेला गावाकडच्या रस्त्यांचा प्रवास.

बाहेरगावचा पाहुणा घरी आला की दुसऱ्या दिवशी चहा घेताना विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे?" आपण जरासे ओशाळतो. सिद्धेश्वराचं देऊळ, तळं, भुईकोट किल्ला एवढं सांगून होतं आणि लगेच गाडी वळते, "पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आहेच की जवळ!" म्हणजे सोलापुरात काय बघायचं, तर सोलापूर सोडून जायचं. यात थोडी चेष्टा आहे, पण खोटं काही नाही. हे शहर रस्त्यांच्या तिठ्या-चौकावर वसलेलं. हैदराबाद, विजापूर, पुणे, तुळजापूर, कुठलीही दिशा धरा, तासाभरात काहीतरी लागतंच. अडचण अशी की ते लागलेलं डोळ्यांत भरत नाही.

कोकणात गाडीची काच खाली केली की काम झालं. समुद्र स्वतःच बोलतो. महाबळेश्वरला पॉइंटावर पाटी आहे, दरी आहे, मक्याचं कणीस आहे. आपल्याकडे काच खाली केली तर धूळ येते. सपाट माळ, तुरी-ज्वारीची रानं, लिंबाची दोन झाडं, एखादा पडका बुरूज. बुरुजाजवळ थांबून कुणी दोन वाक्यं बोलला तर तो बुरूज आहे, नाहीतर दगडांचा ढीग. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपला मुलूख सांगितल्याशिवाय दिसत नाही. म्हणून इथं सांगणारा हा प्रवासाचा जाहिरातदार नाही. रस्त्याला जसा पूल लागतो तसा इथल्या प्रवासाला तो लागतो.

आणि सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. जून २०२२ मधली गोष्ट आठवा. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील", आणि आठ दिवस महाराष्ट्रात दुसरं काही ऐकू येईना. राजकारण बाजूला ठेवा. माणदेशी बोलीत कुणी एखाद्या जागेचं कौतुक केलं की राज्यभरातली माणसं ती जागा शोधायला लागतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. दुःख इतकंच की कौतुक झालं आसामचं. फायदा झाला असेल तर तोही तिकडेच. सांगोल्याच्या डाळिंबांच्या बागांवर बापूंनी असंच एखादं वाक्य टाकलं असतं तर!

माणदेश दिसायला काय आहे? काही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपानं आली आणि पाऊस नसलेला, मेंढरं हाकणारा तो मुलूख साऱ्या मराठी वाचकांना दिसू लागला. डोंगर एक इंच वाढला नव्हता.

ही परंपरा बरीच जुनी आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' चौदाव्या शतकातली मानतात. चक्रधर स्वामी जिथं जिथं थांबले, बसले, निजले त्या जागांची ती नोंद. गाव कुठल्या दिशेला, देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, दार कुठल्या तोंडाचं. भाविकाला चालत जाऊन जागा सापडली पाहिजे, हा हेतू. वर्णनाचा सोस नाही. मराठीतलं प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक म्हणून मी तिच्याकडे पाहतो, आणि आजच्या गुळगुळीत पर्यटन-पुस्तिकांपेक्षा ती मला जास्त उपयोगी वाटते, कारण लिहिणारा तिथं पायी जाऊन आलाय हे ओळीओळीत कळतं.

आपल्या घरांतून 'ट्रिप' हा शब्द आला अलीकडे. त्याआधी आपण 'देवाला' जात होतो. लग्न झालं, देवाला. जावळ काढायचं, देवाला. नवी गाडी घेतली, देवाला. कुटुंबाचा प्रवास आपल्याकडे कधीच बंद पडला नव्हता, फक्त त्याला सुट्टीचं नाव नव्हतं. बार्शी लाईट आठवत असेल जुन्या मंडळींना. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ साली बार्शी आणि कुर्डुवाडी यांच्यामध्ये सुरू केली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, पुढे लातूर, १९२७ ला मिरज. वारीच्या दिवसांत ती माणसांनी फुलून जायची. या गाडीची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे तिचा वेग, किंवा वेग नसणं. एवढ्या वेळात डब्यातला एखादा म्हातारा अख्खं दामाजीचं आख्यान सांगून मोकळा व्हायचा. आता रूळ रुंद झाले, गाड्या धावतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौपदरी रस्ता गावाला वळसा घालून किंवा गावाच्या डोक्यावरून जातो आणि गाडीतल्या पोराला मोहोळ आणि टेंभुर्णी यांतला फरक टोलनाक्यावरून कळतो. गावाकडचा प्रवास करायचा तर पहिली अट ही की मोठा रस्ता सोडायचा.

म्हणून मी तुम्हाला एका रस्त्यानं नेतो. विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या पुढे गेलं की आडवाटेनं हत्तरसंग कुडल लागतं. भीमा आणि सीना इथं मिळतात. संगमेश्वराचं देऊळ. तिथलं शिवलिंग पाहून पोरं आधी गप्प होतात आणि मग मोजायला लागतात, कारण त्याच्या अंगावर ओळीनं लहान लहान शिवमुखं कोरलेली आहेत, ३५९ म्हणतात. मोजणाऱ्याचा आकडा हमखास चुकतो. मोठ्यांनी मात्र वर बघायचं. देवळाच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे. त्याच्या अखेरच्या मराठी ओळीचा भाव असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. मराठीतल्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. आपल्या सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कुंभारांनी जिल्ह्यातली किती देवळं, किती पडक्या भिंती, किती शेताच्या बांधावरचे दगड पालथे घातले याची नीट दखल आपण घेतलेली नाही. हजार वर्षं तो लेख त्या तुळईवर होता, खालून माणसं घंटा वाजवून जात होती. एकानं मान वर केली, वाचलं आणि सांगितलं. त्यानंतर ते देऊळ तेच राहिलं नाही.

आता दुसरी वाट, मंगळवेढ्याची. अलीकडे भीमेच्या काठी माचणूर लागतं. घाट, सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारी औरंगजेबाचा किल्ला, असा जोड दुसरीकडे क्वचितच असेल. घाटावर कुणीही तुम्हाला सांगेल की बादशहानं देवाला नैवेद्य म्हणून मांसाचं ताट पाठवलं, वरचं वस्त्र काढलं तर पांढरी फुलं! सांगणारा हे इतक्या खात्रीनं सांगतो की ताट त्यानंच धरलं होतं असं वाटावं. इतिहास काय सांगतो? १६९५ ते १६९९ या काळात बादशहाची छावणी इथल्याच ब्रह्मपुरीला होती. दिल्लीचा कारभार भीमेच्या या काठावरून चालत होता. हत्ती, तोफा, बाजार, कारकून, वकील. १६९९ च्या ऑक्टोबरात तो मराठ्यांचे किल्ले घ्यायला निघाला तो निघालाच, दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही.

आता यातलं पोरांना काय सांगायचं? काही अभ्यासू मंडळी म्हणतात, आख्यायिका बंद करा. काही भाविक म्हणतात, तारखा कशाला. मी म्हणतो, दोन्ही सांगा, पण एकात एक कालवू नका. फुलांची गोष्ट सांगताना "असं सांगतात" एवढं म्हणायला जीभ झिजत नाही. आणि ती गोष्ट का टिकली हेही पोरांना विचारायला लावा. ज्याच्या छावणीनं भोवतालची रानं खाल्ली असतील, त्याच्या ताटाची गावानं शेवटी फुलं केली. गावाचं हे उत्तर आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते मिळत नाही.

मंगळवेढ्यात दामाजी. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बिदरच्या सुलतानाचं कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडलं आणि देव विठू महार होऊन रक्कम भरून आला, ही कथा कीर्तनकारांनी घराघरांत नेली. ज्वारीच्या गावाची कथा ज्वारीच्या कोठाराचीच असणार! त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गेले. गावकुसाच्या कामावर असताना कूस कोसळलं आणि मजूर त्याखाली सापडले. नामदेवांनी विठ्ठलनाम ऐकून त्यांच्या अस्थी ओळखल्या असं परंपरा सांगते, आणि त्या पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. महाद्वारासमोर; आत नव्हे. आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं तेव्हा दार उघडण्याचं ठरलं. मंगळवेढा ते पंढरपूर हा तासाभराचाही रस्ता नाही. गाडीत आजी असेल तर ती दामाजी सांगेल. पण चोखोबा वगळून हा रस्ता जो सांगतो, त्यानं अर्धाच रस्ता सांगितला. मुलांना कंटाळा येईल अशी काळजी करू नका. अन्याय पोरांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

आता आजच्या सांगणाऱ्यांकडे येतो. मोबाइल हातात घेऊन गावातली पोरं-पोरी रील करतात, त्यांना नावं ठेवण्याची आपल्या पिढीला फार हौस आहे. मला ती नाही. ज्या देवळांवर, बारवांवर, वाड्यांवर आपण कधी एक लेख लिहिला नाही ती या पोरांनी लोकांसमोर आणली. आपल्याच बोलीत, "चला की मालक, दाखवतो" म्हणत आणली. पुण्यातल्या स्टुडिओत बसून लिहिलेल्या निवेदनापेक्षा ते शंभर पटीनं बरं. माझी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक जागा 'कुणालाच माहीत नसलेली' का असते? त्या गावातल्या दोन हजार लोकांना ती रोज सकाळी माहीत असते. सगळ्या देवळांवर तेच ड्रोन, तेच संगीत, आणि तीस सेकंदांत सगळं संपवायची घाई. त्या तीस सेकंदांतली शेवटची पाच एका कामाला द्या. सावली कुठं आहे, पिण्याचं पाणी आहे का, बाईमाणसाला जायला स्वच्छ शौचालय किती अंतरावर, आजोबांना पायऱ्या किती. कुटुंबाचा प्रवास या चार गोष्टींवर होतो किंवा मोडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. घरातली बाई आणि म्हातारी माणसं बाहेर पडायला लागलीत. त्यांना किल्ल्याचा ड्रोन काय कामाचा? त्यांना परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगा.

नळदुर्गचंच बघा. बोरी नदीवर किल्ल्यातच धरण बांधून त्याच्या पोटात महाल केला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी हे दोन धबधबे सुटतात, आणि महालाच्या खिडकीत उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा, आत मात्र कोरडं. हे चित्र फोनवर कुठंही मिळतं. पण मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी, ठगांवर कादंबरी लिहून गाजलेला, १८५० च्या दशकात इथं कारभार पाहत होता, हे तिथं उभं राहून सांगणारा सहसा भेटत नाही. आणि खिडकीशी गर्दी झाली की कुणाचं पोर कुठं आहे हेही कुणी बघत नाही.

सांगण्याइतकंच न सांगणंही कळलं पाहिजे. नान्नजचा माळ इथून वीसेक किलोमीटर. १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या निरीक्षकांमुळे तिथल्या माळढोकाकडे देशाचं लक्ष गेलं, १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावं, शेतं, एमआयडीसी सगळं आलं. लोकांना तो पक्षी म्हणजे सातबाऱ्यावरचा शिक्का वाटू लागला. पुढे क्षेत्र कमी केलं, तोवर पक्षीच कमी झाला होता. आता माळढोक दिसणं जवळपास संपलं आहे. काळवीट आहेत, लांडगे आहेत, आणि लांडग्याच्या बिळापर्यंत गाडी घालणारेही आहेत.

मारुती चितमपल्ली याच सोलापुरात जन्मले, २००६ साली इथंच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथंच गेले. वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस. त्यांच्या पुस्तकांतून जंगल कळतं, पण घरट्याचा पत्ता मिळत नाही. कुठल्या फांदीवर, कुठल्या ओढ्याच्या वळणावर, हे ते वाचकाला सांगत बसत नाहीत. मला ही शिस्त वाटते. पोरांनो, बिळाचं लोकेशन टाकू नका. माळ दाखवा, गवत दाखवा, लांडगा मेंढपाळाच्या रोजच्या जगण्यात कसा आहे ते त्या धनगराच्या तोंडून ऐकवा.

आणि ज्याच्या तोंडून ऐकवाल त्याला काही मिळतं का, हा माझा शेवटचा मुद्दा. हुरड्याचे दिवस आलेत म्हणून त्याच्यावरच सांगतो. शेतकरी बांधाशेजारी खड्डा घेतो, त्यात गोवऱ्या पेटवतो, धूर सरून निखारा झाला की त्या आगटीत कणसं खुपसतो. भाजलेलं कणीस गोणपाटावर चोळतो, फुंकर मारून तूस उडवतो आणि हिरवट दाणा तुमच्या ओंजळीत घालतो. सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. दाणा दुधाळ असण्याचे दिवस थोडेच, पुढे तो टणक होतो आणि त्याची भाकरी होते. चोळता चोळता तो सांगत असतो, ही गूळभेंडी, हुरड्याचीच; ती पलीकडची मालदांडी, भाकरीची. मालदांडीचं ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालं आणि देशभर गेलं, हे त्याला कदाचित ठाऊक असेल, नसेलही. पण कुठल्या रानात कधी पेरली, परतीच्या पावसानं काय केलं, पाखरं कशी राखली, ते सगळं तो सांगतो. पाहुणे हुरड्याचे पैसे देतात. या सांगण्याचे देतात का?

राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. शेतकऱ्याला नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात, हे चांगलं झालं. पण मी पाहतो की पाहुण्यांच्या राबत्यानं घरातल्या बायकांचं काम दुप्पट होतं आणि त्यांच्या हातात रक्कम पडत नाही. भाकऱ्या त्यांनी थापायच्या, चटणी त्यांनी कुटायची आणि फलकावर नाव मालकाचं. गावाकडचा प्रवास वाढावा असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. देवळाचं कुलूप उघडणारा गुरव, किल्ल्यावर सोबत येणारं पोरगं, चावडीवर तासभर बोलणारा आजोबा यांच्या हातात काहीतरी ठेवल्याशिवाय गाडी सुरू करू नका. हायवेवरच्या कॉफीला आपण घासाघीस करत नाही. इथंच का करतो?

स्थानिक सांगणाऱ्याचं बळ कशात आहे, असं मला संयोजकांनी विचारलं होतं. बोलीत आहे, ओळखीत आहे, हे खरंच. पण माझ्या मते ते टोकणाऱ्यांत आहे. बाहेरून आलेला काहीही ठोकून जातो, पुन्हा येत नाही. गावातल्या माणसानं चूक सांगितली तर आठवड्याच्या बाजारात त्याला चौघं गाठतात, "काय बे, दामाजीचं काय सांगत होतास?" म्हणून खडसावतात. ही तपासणी कुठल्या पर्यटन मंडळाला जमणारी नाही.

तिसऱ्या रांगेतले मंगळवेढ्याचे एक मालक मघापासून हात वर करून बसलेत. फुलांच्या ताटाची गोष्ट त्यांच्याकडे वेगळी सांगतात म्हणे. घड्याळात पंधरा मिनिटं आहेत. माईक तिकडे द्या. बोला मालक.